खडा पडला, आता कंबर मोज

सोलापूर

प्रिय मंदार,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्टचे फोटो पाठवलेस आणि खाली लिहिलंस, "सुटलो एकदाचा." कळा थांबल्या, त्याने आम्हा दोघांचाही जीव भांड्यात पडला. पण जिच्या नोकरीची सगळी वर्षं लॅबमध्ये लघवीचे नमुने तपासण्यात गेली, तिला रिपोर्ट पाठवल्यावर ती तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारच.

तुझा मुतखडा युरिक ॲसिडचा निघालाय. बहुतेकांचा कॅल्शियमचा असतो. युरिक ॲसिडचे साधारण दहात एक. म्हणून तर तुझ्या साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही. हा खडा सोनोग्राफीत नाहीतर सीटी स्कॅनमध्येच सापडतो. पालक-टोमॅटोचं नाव घेतात ते कॅल्शियमच्या खड्यासाठी. तेव्हा टोमॅटोच्या बिया आणि पालक यांच्यावर जोशीकाकूंनी घेतलेला आळ तुझ्यापुरता तरी खोटा.

आता लघवीच्या रिपोर्टवर पीएचचा रकाना बघ. हा आकडा जितका खाली, तितकी लघवी आम्लधर्मी. तुझा 5 आहे. त्या रकान्याकडे सहसा कुणी बघत नाही, सगळ्यांचे डोळे पस सेल्सवर, म्हणजे पू दाखवणाऱ्या पेशींवर. साडेपाचच्या खाली पीएच गेला की युरिक ॲसिड विरघळून राहत नाही, त्याचे कण धरायला लागतात. लघवीतलं युरिक ॲसिड फार वाढलेलं नसलं तरीसुद्धा.

मग लघवी इतकी आम्लधर्मी का झाली? इथे तुझ्या दुसऱ्या कागदाचा संबंध येतो, जो तू "हे नंतर बघू" म्हणून पाठवलास. शरीरात रोज तयार होणारं आम्ल किडनी बाहेर टाकते, आणि त्यातलं बरंचसं अमोनियाशी बांधून टाकते. तो अमोनिया तयार करायला इन्सुलिनची मदत लागते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की अमोनिया कमी पडतो, आम्ल तसंच मोकळं लघवीत उतरतं आणि पीएच खाली येतो. म्हणजे साखर वाढण्याच्या कितीतरी आधीपासून जो बिघाड चाललेला असतो, त्याची खूण लघवीत उमटू शकते. मधुमेह असलेल्यांना मुतखडे जास्त होतात, आणि मुतखडा झालेल्यांमध्ये पुढे मधुमेहही जास्त दिसतो.

तुझं एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, 6.1 आहे. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, 150 च्या वर, चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, 40 च्या खाली, शिवाय सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर" हे दोन शब्द. या सगळ्या त्याच बिघाडाच्या खुणा. कंबर तू मोजलेली नसणारच. आपल्याकडच्या पुरुषांना 90 सेंटीमीटर ही मर्यादा. टेप बेंबीच्या पातळीवर धर आणि पोट आत ओढू नकोस!

"मी कुठे जाड आहे," हे तू म्हणशील, मला ठाऊक आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. वजनकाटा आपल्या लोकांना असा फसवतो. तुझे हातपाय बारीकच आहेत, पोटाचं बोल.

पोट उतरवायचंच आहे, पण ते भात-भाकरी तोडून नुसती चरबी आणि मांस-अंडी खायचं किटोचं खूळ डोक्यातून काढ. वजन उतरेल, पण मांस-अंडी-चीज यांनी आणि चरबी जळताना तयार होणाऱ्या किटोननी लघवी आणखी आम्लधर्मी होईल, खडे धरू न देणारं सायट्रेट घटेल, आणि तू परत रात्री दोन वाजता रिक्षा शोधत फिरशील. वजन हळूहळू उतरव. भाकरी-भाजी खा, जेवणानंतर चाल, मटण कमी कर. कोल्ड्रिंक तर बंदच, त्यातल्या फ्रुक्टोजने युरिक ॲसिड वाढतं. आणि बिअरने खडा पडतो हे तुझ्या मित्रांचं शास्त्र त्यांच्यापाशीच राहू दे. बिअरने युरिक ॲसिड वाढतंच. दूध-दही मात्र सोडू नकोस. खडा झाला की लोक आधी दूध तोडतात, त्याची काही गरज नाही.

पाणी किती प्यायचं हे बाटल्या मोजून ठरवू नकोस. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, तेवढं प्यायचं. एसीत तहान कळत नाही. लिंबूपाणी जरूर घे, चवीला आंबट असलं तरी त्यातलं सायट्रेट लघवीचं आम्ल कमी करतं. पण साखर घालू नकोस आणि मीठ चिमूटभरच. मामाने कुळथाचं कढण सांगितलंय. खुशाल पी, पण त्याच्या भरवशावर औषध सोडू नकोस.

डॉक्टरांनी पोटॅशियम सायट्रेट दिलंय ते या खड्यावरचं खरं औषध. राहिलेले बारीक कण त्याने विरघळूही शकतात. पीएच 6 ते 6.5 च्या आसपास ठेवायचा. सातच्या वर नेलास तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरायची भीती. मेडिकलमधून लघवीचा पीएच बघायच्या पट्ट्या आण, सकाळी एक आणि संध्याकाळी एक बघत जा. रक्तातलं पोटॅशियम मधूनमधून तपासायला त्यांनी सांगितलं असेल, ते टाळू नकोस. आणि कळेबरोबर थंडी वाजून ताप आला तर मला फोन करत बसू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ.

तीन महिन्यांनी एचबीए1सी आणि लिपिड पुन्हा करायचं. मी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. कंबरेचा आकडा मात्र आज रात्रीच कळव, आणि तुझ्या बाबांचाही मी मोजलाय, तो त्यांनाच विचार.

तुझी,
आई