पद्मिनीच्या फ्लोअरसाठी काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हालाच आहे, पण मुद्दाम उघड लिहितोय. घरच्या शेडमध्ये जुन्या गाडीचा पत्रा बदलायला बसणारे हल्ली बरेच जण आहेत. तुम्ही जे सांगितलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं. गॅरेजमध्ये 'असं कर' एवढंच ऐकायला मिळतं. तुम्ही दर वेळी त्यामागचं कारणही सांगितलंत. म्हणून हे आभार तपशिलासकट.

सगळ्यात मोठे आभार सडलेलं फ्लोअर, म्हणजे गाडीच्या तळाचा पत्रा, कापायला लावल्याबद्दल. आमच्या प्रीमियर पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी (बॉडीखालचा सांगाडा) नाही. फ्लोअर, मधला बोगदा आणि दाराखालच्या सिलच्या पेट्या मिळूनच गाडीचा कणा होतो. त्यामुळे भोकावर ठिगळ मारणं म्हणजे नुसतं पायाखालचं झाकण. कुर्ल्याच्या कारखान्यातून शेवटच्या पद्मिनी २००० च्या आसपास बाहेर पडल्या, म्हणजे सगळ्यात तरुण गाडीही पंचविशीची. त्यातले कित्येक पावसाळे समुद्राकाठचे. समोरच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी डॅशबोर्डमागून उतरतं, रबरी मॅटखालच्या नमद्यात मुरतं आणि पत्रा वरून सडतो. खालून डांबराचा थर शाबूत दिसतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. मॅट आणि नमदा काढून, डांबर खरवडून, जाड स्क्रूड्रायव्हरने दर दोन बोटांवर टोचून बघायचं आणि जिथे पत्रा दबतो तिथे खडूने खूण करायची, ही तुमची पद्धत. कापायची रेघ मात्र त्या खुणेच्या बाहेर, पत्रा पूर्ण जाडीचा मिळेपर्यंत न्यायची. सडक्या कडेला वेल्डिंगचा टाका मारला की कड वितळून मागे सरकते, भोक मोठं होतं, आणि माणूस मशीनला शिव्या घालत बसतो.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या पट्ट्या टॅक करून (छोट्या टाक्यांनी तात्पुरत्या जोडून) घ्यायला लावल्यात, तेही गाडीचं वजन सस्पेन्शनवर असताना. बॉडी मध्येच जॅकवर उचलून फ्लोअर कापलं तर ती जराशी लवते, नवा पत्रा त्याच लवलेल्या आकारात पक्का होतो, आणि मग दार आयुष्यभर आपटूनच लावावं लागतं. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून ते आकडे भिंतीवर लिहायचे. एका वेळी एकच बाजू उघडायची. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायच्या. पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग बाजूला करायचं. यात घाई चालतच नाही.

पत्र्याबद्दल तुमचं मत ठाम: ०.९ ते १ मिमीचा सीआर (साधा, जस्त न चढवलेला) पत्रा, जीआय (जस्त चढवलेला) नको. 'जीआय गंजत नाही' म्हणून मोह होतो, पण आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) लागताच जस्त जळतं, वेल्डला बारीक छिद्रं पडतात आणि तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. त्यावर दूध पिण्याचा उपाय तुम्ही हसण्यावारी नेलात, ते बरं केलंत. दुधाने काही होत नाही. शेड उघडी हवी आणि तोंडाला मास्क हवा. पुठ्ठ्याचा नमुना कापून पत्र्यावर उतरवायचा आणि मूळ फ्लोअरला असलेल्या पन्हळी लाकडी ठोकळ्यावर ठोकून पुन्हा काढायच्या. सपाट पत्रा बसवला तर तो गाडी धावताना ड्रमसारखा घुमतो.

आता टाके. सीओटू मशीनला (गॅसच्या आवरणात तार वितळवून जोडणाऱ्या वेल्डिंग मशीनला) ०.८ मिमीची तार, साधारण ४० ते ६० अँपिअर, आणि गॅस मिनिटाला ८ ते १० लिटर. शुद्ध सीओटूपेक्षा ऐंशी टक्के आरगॉन आणि वीस टक्के सीओटूचं मिश्रण पातळ पत्र्याला मऊ पडतं, ठिणग्याही कमी उडतात. सेटिंग आधी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर लावायचं. फोडणीत मोहरी तडतडावी तसा सलग आवाज आला की जमलं. फटफट असा तुटक आवाज आला तर तार आणि व्होल्टेज यांचं जुळत नाहीये. पंखा बंद, कारण वारा गॅस उडवतो आणि वेल्ड स्पंजासारखा होतो. दोन्ही कडांना इंचभर चकचकीत धातू हवा, अर्थिंगचा चिमटा कामाच्या जवळ.

कडेला कड जोडताना तारेच्या जाडीएवढी फट ठेवायची. टाके २५ ते ३० मिमीवर, एक या टोकाला तर पुढचा त्या टोकाला. मग मधल्या जागा भरत यायचं, तेही शेजारचा टाका हात टेकवण्याइतका गार झाल्यावरच. सलग रेघ ओढली की पत्रा तापून फुगतो, गार होताना आखडतो, आणि फ्लोअरला लाटा येतात. लाट आलीच तर टाक्याखाली डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून वरून हातोडीने ठोकायचं, आखडलेला धातू पसरतो. फट मोठी पडली तर मागून चपटा केलेला तांब्याचा पाइप दाबून धरायचा. तांब्याला वेल्ड चिकटत नाही. ही शेवटची युक्ती तर सोन्याच्या मोलाची.

सिलच्या आणि सीटखालच्या पट्टीच्या कडेला मूळचे स्पॉट वेल्ड (दोन पत्रे ठिपक्यांसारख्या टाक्यांनी जोडलेले) होते. तिथे वरच्या पत्र्याला ६-७ मिमीची भोकं, दर ३०-४० मिमीवर. दोन्ही पत्रे पकडीने घट्ट चिकटवायचे, आर्क भोकाच्या मध्यावर म्हणजे खालच्या पत्र्यावर सुरू करायचा आणि गोल फिरवत बाहेर आणायचा. कडेपासून सुरुवात केली तर वरून वेल्डची गोटी छान दिसते आणि खाली काहीच धरलेलं नसतं. तुम्ही सांगितलेली परीक्षा सोपी: भंगारावर एक जोड करायचा आणि छिन्नीने उचकटायचा. खालच्या पत्र्याचा तुकडा फाटून आला तर जोड पास. गोटी अलगद सुटली तर करंट वाढवा. जोडाच्या आत जाणाऱ्या भागाला आधी झिंक प्रायमर लावायचा, पण भोकाच्या जागी तो खरवडून काढायचा.

आगीबद्दल तुम्ही जे बोललात ते कुणी हलक्यात घेऊ नये. फ्लोअरच्या पलीकडे राहिलेलं डांबर आपल्याला न दिसता पेटतं. म्हणून एक माणूस कायम दुसऱ्या बाजूला, हाताशी पावडरचा अग्निशामक आणि पाण्याची बादली. काम थांबल्यावरही तासभर शेड सोडायची नाही. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर आर्क मारू नका, विषारी वायू होतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. ॲसिटोनने पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं.

शेवटचं काम कंटाळवाणं. फ्लॅप डिस्कने घासताना पत्रा निळा होऊ द्यायचा नाही, मग इपॉक्सी प्रायमर, जोडांवर दोन्ही बाजूंनी सीलर, खालून अंडरकोट, सिलच्या पोटात मेण. पाणी निचरायची मूळ भोकं मात्र उघडीच. आणि काचेचं रबर बदलून होजपाइपने पाणी मारून बघितल्याशिवाय नवा नमदा टाकायचा नाही.

काका, आता एकच भाग राहिलाय. मागच्या पाट्यांची स्प्रिंग जिथे बॉडीला लटकते तिथला पत्राही दबतोय. तिथे सगळा भार येतो, तो जोड आमच्या हातांनी करायचा नाही, असं तुम्हीच बजावलंत. पट्ट्या लावून, साफ करून ठेवलंय. सोयीची वेळ कळवा, गाडी घेऊन येतो.

आपले कृतज्ञ,
पद्मिनीवाले