बाई, तुमच्या अक्षरातल्या माझ्या चुका

आदरणीय बाईंना,

सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. घरी येऊन बोललो असतो तर दुसऱ्याच वाक्याला तुम्ही "बरं बरं, पोहे गार होतायत" म्हणून मला गप्प केलं असतं. इथे तुम्हाला ते जमायचं नाही.

परवा माझा रिपोर्ट वरून परत आला, आणि त्यावर एकही लाल रेघ नव्हती. पीथमपूरहून येताना कंपनीच्या बसमध्ये मी तो तीनदा वाचला. शेजारच्या माणसानं विचारलं, कुणाची लग्नपत्रिका आहे का म्हणून.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. औषधाच्या गोळ्या 40 अंश तापमानात आणि 75 टक्के आर्द्रतेत 6 महिने कपाटात ठेवायच्या, ठरलेल्या दिवशी काढून तपासायच्या, आणि काय आढळलं ते इंग्रजीत लिहायचं. तपासणं मला येत होतं. लिहिताना मात्र हात जड व्हायचा. घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, आणि पोट इंग्रजीवर. इंदुरात आमच्यासारखे घरोघरी आहेत. साहेब कागदावर लाल गोल काढायचे आणि बाजूला लिहायचे, 'पुअर इंग्लिश'. 7 वर्षं तेच दोन शब्द. का पुअर, कुठे पुअर, हे एकदाही नाही. कधीकधी वाटायचं, त्यांनाही ते सांगता येत नसावं.

मग भंवरकुआंच्या, म्हणजे इंदुरातल्या क्लासवाल्या भागातल्या, एका क्लासला फी भरली. नाव घेत नाही, घेण्याजोगं काही तिथे नव्हतं. तिथे नियम असा की क्रियापदाचं तिसरं रूप आलं की पुढे 'बाय'. हिंदीतल्या 'के द्वारा'सारखं डोक्यात बसवायचं. मग या नियमाला न जुमानणाऱ्यांची लांबलचक यादी: 'इंटरेस्टेड इन', 'नोन टू', 'सॅटिस्फाइड विथ'. ती रोज रात्री पाठ करायची. मी रिपोर्टात 'इफ एक्स्पोज्ड बाय लाइट' असं लिहिलं, नियमाला धरूनच. लाल गोल आला. क्लासात विचारलं, असं का? उत्तर मिळालं, "इंग्लिश में ऐसा ही होता है." त्या एका उत्तरासाठी मी दोन हप्ते भरले होते.

तुमच्याकडे मी शिकायला आलोच नव्हतो. जिन्यात भेट झाली, हातात कागद होता, तुम्ही मागितला. चष्मा लावून पाहिला आणि परत दिलात. म्हणालात, "हा नको. यावर आधीच कोणीतरी रागावून गेलंय. मी वाचते तर माझंही लक्ष त्या लाल रंगाकडेच जातं."

मला वाटलं, झालं, इथूनही परत.

पण तुम्ही आत गेलात, विजेच्या जुन्या बिलाचा पाठकोरा कागद आणलात, आणि माझ्या 11 ओळी बसून उतरवून काढल्यात. हात थरथरतो तुमचा. 'एस'ला शेपूट फुटत होती. वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. मी मध्ये म्हणालो, बाई, मी कोरी प्रत काढून आणतो ना उद्या. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "उतरवताना कळतं माणूस कुठे अडलाय." आणि माझ्या चुका, सगळ्या, जशाच्या तशा लिहिल्यात. तुमच्या त्या वळणदार अक्षरात माझी चूकसुद्धा शिकलेल्या घरातली वाटत होती.

बाई, पुढे जे शिकवलंत त्याच्या आधीच माझं अर्धं काम झालं होतं. माझं इंग्रजी लाल रंगावाचून कसं दिसतं, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. ते इतकं वाईट नव्हतं.

मग तुम्ही विचारलंत, हेच मराठीत कसं सांगशील? मी म्हणालो, "उजेडात ठेवल्यास." तुम्ही ते फोडलंत: उजेड, मग 'त', मग ठेवलं, मग शेवटी 'यास'. त्याखाली लिहिलंत 'इफ केप्ट इन लाइट', आणि दोन्हींवर बाण काढलेत. आपण जिथे संपतो तिथे इंग्रजी सुरू होतं! आपला 'यास' त्यांच्याकडे 'इफ' होऊन दारात उभा, आणि आपला पहिला उजेड त्यांच्याकडे थेट शेवटी, दुसऱ्या टोकाला. ठरल्याप्रमाणे म्हणजे 'ॲज अग्रीड'. सांगितल्याशिवाय म्हणजे 'अनलेस टोल्ड'. जे मी इतकी वर्षं परकं समजून घाबरत होतो ते माझी आई दिवसातून दहादा बोलते.

आणि 'बाय'चं भूत तुम्ही एका वाक्यात उतरवलंत. "ते 'टू', 'विथ', 'इन' जे आहे ना, ते पुढच्या 'इफ'च्या किंवा 'व्हेन'च्या ओळखीचं नसतं. ते क्रियापदाचं माहेर आहे. 'एक्स्पोज' सरळ वाक्यातही 'टू' घेऊनच येतं, मग तिसऱ्या रूपात ते माहेर सोडेल का?" यादी फाडून टाकली मी त्या रात्री. 'कम्पेअर्ड विथ', 'बेस्ड ऑन', 'डिस्क्राइब्ड इन', सगळ्यांचं माहेर मूळ क्रियापदात सापडलं.

खरी गंमत तिसऱ्या ओळीची. मी लिहिलं होतं, 'व्हेन स्टोअर्ड ॲट 40 डिग्रीज, नो चेंज वॉज ऑब्झर्व्हड'. तुम्ही 'व्हेन' आणि 'स्टोअर्ड' यांच्या मध्ये एक छोटा चौकोन काढलात आणि म्हणालात, "हा रिकामा पाट. इथून दोन शब्द उठून गेलेत, 'दे वेअर'. पाट कुणाचा? मुख्य वाक्यात जो कर्ता बसलाय त्याचा. तुझ्या वाक्यात कोण बसलंय?" मी पाहिलं. 'नो चेंज'. तुम्ही हसायला लागलात. "म्हणजे 6 महिने तू कपाटात 'बदल नाही' ठेवला होतास!" मीही हसलो. त्या कागदावर मला हसू येईल असं कधी वाटलं नव्हतं. गोळ्यांना पाटावर बसवलं, 'द टॅब्लेट्स शोड नो चेंज', आणि वाक्य उभं राहिलं.

पण लगेच तुम्ही हेही सांगितलंत की मराठीत '40 अंशांवर ठेवल्यावर काही बदल दिसला नाही' हे अगदी ठीक आहे, आणि इंग्रजीतही शास्त्राच्या लेखांमध्ये असली वाक्यं सर्रास छापून येतात. "तू अडाणी नाहीस, तू मराठीत बरोबर आहेस. साहेबांना टोचतं ते हेच, फक्त त्यांना काटा दाखवता येत नाही." एवढं खरं सांगायची काय गरज होती तुम्हाला? स्वतःचा मोठेपणा राखायला लोक बरोबर-चूक ठासून सांगतात. तुम्ही माझी बाजूही माझ्यासमोर मांडलीत.

'बिकॉज'ला असा पाट रिकामा ठेवता येत नाही आणि 'आफ्टर', 'बिफोर'ना मध्ये 'बीइंग' लागतं, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत, ते अजून चुकतं माझं कधीकधी. आणि 'प्रोव्हाइडेड' हे तिसरंच रूप बढती मिळून स्वतः उभयान्वयी झालंय, हे सांगताना तुमचा चेहरा असा खुलला होता, जणू तुमच्याच वर्गातलं पोर कलेक्टर झालंय.

हुशार माणसं या शहरात पुष्कळ आहेत. फी घेऊन हुशारी विकणारी तर भंवरकुआंच्या एकेका इमारतीत मजला मजला भरून आहेत. पण समोरच्याची चूक हातात घेताना ती त्याची आहे, त्याला लागेल, एवढं भान ठेवणारे मोजकेच. माझ्या वडिलांनंतर मला असं कोणी भेटलं नव्हतं. हे लिहितानाही गळा जरा दाटतोय, तेव्हा आवरतो.

फी विचारली तर तुम्ही रागावलात. सराफ्यातून, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून, गराडू (तळलेला कंद) आणले तर अर्धे मलाच खायला लावलेत.

तो पाठकोरा कागद माझ्याकडेच आहे. काल माझ्या मूळ प्रतीशी ताडून पाहिला. तुम्ही म्हणाला होतात, जसंच्या तसं उतरवलंय. पण बाई, आठव्या ओळीत 'सॅम्पल्स'च्या आधी एक 'द' आहे. तो माझ्या प्रतीत नाही. राहावलं नाही ना तुम्हाला?

रविवारी येतो.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा
रामबाग, इंदूर