आई-बाबा, इंग्लिशच्या क्लासबद्दल जरा सविस्तर

प्रिय आई-बाबा,

फोनवर सगळं नीट बोलणं होत नाही म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही परवा विचारलंत ना की इंग्लिश तर शाळेपासून होतं तुला, मग आता टुरिझमच्या कामासाठी परत क्लास कशाला, आणि आई तू मागून म्हणालीस की टुरिझमचं काही खरं नाही, कोविडमध्ये काय झालं ते बघितलंच आपण. दोघांनाही उत्तर द्यायचंय.

शाळेत आपण पेपर लिहायला शिकलो, इथे आधी ऐकायला शिकावं लागतं. रिसेप्शनला येणारा पाहुणा बऱ्याचदा इंग्रज नसतोच, जपानी असेल, कोरियन असेल, ब्राझीलचा असेल, त्याचंही इंग्लिश शिकलेलंच, त्याचा उच्चार वेगळा माझा वेगळा, मग तिथे भारी शब्द काय कामाचे, छोटी वाक्यं सावकाश बोलायची आणि जे समजलं ते परत बोलून खात्री करून घ्यायची. फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी जवळजवळ सारखंच ऐकू येतं म्हणून वन-फाइव्ह, फाइव्ह-झिरो असं सुटं सांगायचं. तारखेचंही तसंच, 4/5 लिहिलं की आपण 4 मे वाचतो आणि अमेरिकन माणूस 5 एप्रिल, म्हणून बुकिंगच्या मेलमध्ये महिना अक्षरात लिहायचा. फोनवर नावाचं स्पेलिंग चुकू नये म्हणून तर बीला ब्राव्हो, डीला डेल्टा, पीला पापा अशी पूर्ण 26 अक्षरांची यादी पाठ करतेय, विमानवाहतुकीत ती 1956 पासून आहे आणि तिकिटाच्या कामातही तीच वापरतात, कारण तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर तो माणूस एअरपोर्टवर अडकतो. एका अक्षरापायी कुणाची अख्खी ट्रिप जाऊ शकते हो बाबा.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते चिडलेल्या माणसाशी बोलणं. लांबचा प्रवास करून आलाय, दमलाय, रूम तयार नाही, बरोबर लहान मूल आहे. त्याला लगेच कारणं सांगत सुटायचं नाही, आधी पूर्ण ऐकायचं, मग सॉरी, मग किती वेळात काय होईल ते स्पष्ट सांगायचं. परक्या भाषेत हे शांतपणे जमणं सोपं नाही आणि मला ते चांगलं जमायला हवंय.

बाबा तुम्ही म्हणता तशी आयेल्ट्स, म्हणजे ती इंग्लिशची परीक्षा, देईनच, पण आत्ता नको. तिचा रिझल्ट साधारण 2 वर्षंच धरतात, अर्ज करायच्या वेळेला तो जुना झाला तर परत फी भरा. भाषा किती येते ते मोजायला ए1 (सगळ्यात खालची) ते सी2 (सगळ्यात वरची) अशा 6 लेव्हल असतात, त्यातली बी2 आधी पक्की करते, म्हणजे समोरचा न अडखळता माझ्याशी बोलू शकेल इतपत.

आई, तुझी भीती खोटी नाहीये. 2019 मध्ये जगात दुसऱ्या देशात फिरायला जाणारे जवळपास 146 कोटी होते, 2020 मध्ये ते 70 टक्क्यांपेक्षा जास्त कमी झाले, कितीतरी लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पण 2024 मध्ये आकडा परत 140 कोटींच्या आसपास आला, लोक फिरायचे थांबले नाहीत. आणि समजा उद्या परत तसं काही झालंच तरी फोनवर, मेलवर, समोरासमोर माणसांशी नीट बोलता येणं कुठल्याही ऑफिसात चालतं, ते शिक्षण वाया जात नाही.

एक मदत हवीये. बाबा, रात्री फोनवर 10 मिनिटं तुम्ही चिडलेला पाहुणा व्हा, मराठीत बोललात तरी चालेल, मी इंग्लिशमध्ये उत्तर देईन, आणि आई तू फक्त ऐक आणि मी मधेच घाई केली, आवाज चढवला तर सांग, तुला ते लगेच कळतं. उद्यापासूनच करूया का? जेवणं झाली की मिस कॉल द्या, मी लावते.

तुमची लेक