काकूंसाठी प्रार्थना

ठाणे, नोव्हेंबर

प्रिय बाळा,

बाप्तिस्मा नाही म्हणजे तारण नाही, असं तुझ्या प्रार्थना गटातल्या ताई म्हणाल्या आणि बाप्तिस्मा न घेताच गेलेल्या शेजारच्या काकू आठवून तुला झोप लागेना. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आधी अवघड तेच घेते. मत्तयच्या २५व्या अध्यायाच्या शेवटी प्रभू सार्वकालिक शिक्षेबद्दल बोलतो. ते वचन मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण तोच अध्याय जरा वरून वाच. न्यायासनावरचा राजा काय बघतो? मी भुकेला होतो, मला खायला दिलंत की नाही. आणि उजवीकडच्यांना तर ठाऊकच नसतं आपण कुणाला जेवू घातलं ते! तुला भुकेला आम्ही कधी पाहिलं, असं तेच उलट विचारतात. माझी नाइट ड्युटी असायची तेव्हा तू काकूंकडे जेवायचीस. त्यांच्या घरात अंडंही चालत नसे. तरी मी ठेवून गेलेलं बोंबलाचं कालवण त्या तुला गरम करून वाढायच्या, काटा लागू नये म्हणून बोटांनी चाचपून.

अखेरीस सगळेच देवाकडे परततील का, यावर फार जुन्या काळापासून वाद आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजनने तशी आशा मांडली. पुढे ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने त्याला पाखंड्यांत बसवलं. निस्साचा ग्रेगरी जवळपास तेच लिहून गेला, तो मात्र आजही संत आहे. ऑगस्टीनला हे मुळीच मान्य नव्हतं. पण काकूंचा प्रश्न याहून सोपा आहे. स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, असं आपल्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली स्पष्ट लिहून ठेवलंय. ताई ही आपल्या चर्चची शिकवण म्हणून सांगत असतील, तर त्या चुकतात.

सगळे तरतीलच, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. देवाला नको म्हणायची मोकळीक माणसाला त्यानेच दिलीय. पण आशा धरायला कुणाची बंदी आहे? रोझरीच्या दर दहा मण्यांनंतर आपण म्हणतो, सर्व आत्म्यांना स्वर्गात ने. ‘सर्व’ म्हणतो गं आपण. जे होणंच शक्य नाही, ते चर्च आपल्याला रोज मागायला लावेल का? सगळ्या माणसांचं तारण व्हावं ही देवाचीच इच्छा आहे, असं पौल तीमथ्याला लिहितो. मी त्याला धरून आहे.

तलावपाळीजवळच्या आपल्या सेंट जॉन चर्चमध्ये या महिन्याच्या मिस्सेसाठी मृतांची नावं दिली, त्यात तुझ्या आजीच्या खाली काकूंचं नाव लिहिलंय. काकांना विचारून लिहिलं. तूही गटात त्यांचं नाव मोठ्याने घे. कुणी हटकलं तर भांडू नकोस, मत्तय २५ उघडून वाचायला दे. आणि काकांना रविवारी फोन कर, तुझी चौकशी करत होते.

तुझी,
आई