उभ्यानं बोलणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टरसाहेब,
सा. न. वि. वि.

हे दुखणं बायका घरातसुद्धा धड सांगत नाहीत, म्हणून हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय.

तुमच्याकडं यायच्या आधी माझं भगंदर, म्हणजे गुदद्वाराशेजारी पू वाहणारी वाट, पुन्हा पुन्हा चिरलं गेलं. दरवेळी 'आता मिटलं' म्हणायचे आणि थोड्या दिवसांत शेजारी नवं तोंड फुटायचं. 'तांबडा रस्सा बंद करा' हे ऐकून कान किटले होते. जुलाब, पोटातला मुरडा, उतरत चाललेलं वजन, सगळं मी सांगत होते. कुणी कागदावरून मान वर केली नाही. एका ठिकाणी तर मला तपासताना दार सताड उघडं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

राजारामपुरीत तुमच्या दवाखान्यात आले तेव्हा मला बसवत नव्हतं. सवयीनं तुम्ही 'बसा' म्हणालात, माझ्याकडं बघितलंत आणि स्वतःच खुर्ची सोडून उठलात. फाइल तपासणीच्या टेबलावर ठेवलीत आणि शेवटपर्यंत उभ्यानंच बोललात. बाहेर रांग लागली होती, तरी घाई केली नाहीत. पहिलाच प्रश्न विचारलात, 'पोट कसं असतं?' मला तिथंच रडू फुटलं.

मग लेटरपॅडच्या मागं दोन वर्तुळं काढलीत, गुदद्वाराचा आतला स्नायू आणि बाहेरचा. भगंदराची वाट या स्नायूंच्या कुठून जाते त्यावरून पार्क्स नावाच्या ब्रिटिश सर्जननी १९७६ साली चार प्रकार पाडले, असं सांगितलंत. माझी वाट दोन्ही स्नायूंतून गेलेली, वर फाटे फुटलेले. एमआरआयमध्ये तसंच निघालं. मूळ दुखणं आतड्याचं, क्रोन्स, म्हणजे आतड्याला सतत सूज येणारा आजार. नुसतं चिरत राहिलं तर जखम भरायची नाही आणि शौचावरचा ताबा जाईल, हे मला पहिल्यांदा कुणीतरी समजावलं. पू काढून तुम्ही सैल धागा ओवलात, तो कापायला नव्हे, पू परत कोंडू नये म्हणून. टीबी नाही ना, हेही आधी बघितलंत, कारण आतड्याचा टीबी क्रोन्ससारखाच दिसतो आणि क्रोन्सवरच्या इन्फ्लिक्सिमॅब इंजेक्शननं दबलेला टीबी उसळू शकतो. त्यानंतरच ते सुरू केलंत. 'शंभर टक्के बरं करतो' असं म्हणाला नाहीत, त्याचाच मला जास्त आधार वाटला.

त्या दिवशी तुमच्या कंपाउंडरनी न सांगता रिक्षा दारात आणली. रिक्षावाले मामा काही न विचारता खड्डे चुकवत स्टँडपर्यंत हळू आले. अशी माणसं आपल्या कोल्हापुरात आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो.

धागा अजून आहे, पण पू खूपच कमी झालाय, वजनही धरतंय. ज्यांचं भगंदर सारखं उलटतंय आणि जोडीला पोटही बिघडतंय, त्यांनी डॉक्टरांना क्रोन्सबद्दल स्वतःहून विचारावं, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं.

सिस्टरना माझा नमस्कार सांगा. पुढच्या डोसला येतेच आहे.

आपली,
कागलची एक पेशंट