समासातले आजोबा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला वंशावळीवरचा लेख दोनदा वाचला. चर्चची वही आणि सरकारी नोंद समोर ठेवली की चार पिढ्या तासाभरात हाती लागतात म्हणे! लेखकमहाशयांच्या नशिबाचा हेवा वाटला.

मी वसईचा. आजी-आजोबांचं लग्न कुठे लागलं, एवढं शोधायला मला दोन पावसाळे लागले. आजोबांच्या धर्मग्रामातली, म्हणजे त्यांच्या चर्चच्या हद्दीतली, लग्नाची वही पालथी घातली, नाव नाही. असणार कसं? लग्न लागलं आजीच्या माहेरच्या चर्चमध्ये, आणि ते माहेर कुठलं हे सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं. शेवटी एका म्हाताऱ्या फादरांनी विचारलं, "बाप्तिस्म्याची वही बघितलीस का?" लग्न शोधणाऱ्याने बाप्तिस्मा कशाला बघायचा? पण 1908 च्या पानावर आजोबांच्या नावाशेजारी, समासात, निराळ्या शाईने दीड ओळ लॅटिन होतं: मे 1931, आजीचं नाव, तिचं चर्च. लग्न लावणाऱ्या फादरांनी बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं, असा नियमच होता.

खरी करमणूक पुढेच आहे. त्या नोंदीचा दाखला मागितला, तर टाइप केलेल्या कागदावर समास गायब! का, तर "फॉर्मात तो रकाना नाही." शिवाय घरातले जॉन आजोबा वहीत लॅटिनमध्ये योआन्नेस आहेत, ते दाखल्यात जसेच्या तसे उतरले. आता माझ्या वडिलांच्या कागदांवरचे जॉन आणि हे योआन्नेस एकच, हे सिद्ध करायला मला प्रतिज्ञापत्र करावं लागतंय.

1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्नाच्या नोंदीची प्रत फादरांकडून सरकारकडे जाते, हे लेखात आहे. बरोबर आहे. पण बाप्तिस्म्याच्या वहीचा समास कुणीच कुठे पाठवत नाही. शिवाय तो कायदा आपण गोव्यालाही लावून टाकलात! तिथे तो लागूच नाही. तिथे 1914 पासून पोर्तुगीज पद्धतीची नागरी नोंदणी आहे. नवरानवरी आधी निबंधकापुढे सही करतात, मग चर्चमध्ये जातात. म्हणजे तिथला शोध सरकारी वहीतून सुरू करायचा, आमचा चर्चमधून.

आणि हो, लेखातली 'हे कराच' ही चौकट फिक्या गुलाबीवर पांढऱ्या अक्षरांत छापलीत. भिंग घेऊन बसलो तरी वाचता आली नाही. फादरांचं लॅटिन त्याहून सोपं गेलं.

— एक जुना वाचक, वसई