परवान्याच्या टेबलावरच्या काकांस अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपले नाव या पत्रात येऊ नये, ही आपली अट आम्ही पाळली आहे. तरीही हे आभार केवळ सोसायटीच्या इतिवृत्तात नोंदवून न थांबता जाहीरपणे मानावेत, असे व्यवस्थापक समितीचे एकमत झाले. कारण ध्वनिक्षेपकांच्या आवाजाच्या नियमांविषयी आपण आम्हाला जे समजावून दिले ते एका नाशिकपुरते नाही, वस्तीच्या भिंतीला भिंत लावून जिथे लॉन्स आणि मंगल कार्यालये उभी राहिली आहेत अशा प्रत्येक गावातल्या लोकांच्या कामाचे आहे.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडच्या लॉन्सचा त्रास आपल्याला नव्याने सांगायला नको. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि तिच्याबरोबर रात्री उशिरापर्यंत चालणारा डीजे. आम्ही फोन करायचो, बीट मार्शल यायचे, आवाज खाली यायचा, त्यांची मोटारसायकल वळणापलीकडे गेली की पुन्हा वर जायचा. पोलिसांना दोष द्यावा तर ते येत होते. न द्यावा तर झोप होत नव्हती. अशा वेळी पोलीस खात्यात ध्वनिक्षेपकाच्या परवान्यांच्या टेबलावर वर्षानुवर्षे काम करून निवृत्त झालेले आपण शेजारच्या इमारतीत राहता, हे आम्हाला कळले.

आमचा जुना अर्ज आपण वाचलात आणि पेन्सिलीने त्यातले निम्मे शब्द खोडलेत. ‘कर्णकर्कश’, ‘असह्य’, ‘मुलांच्या भवितव्याशी खेळ’, ‘आपल्या संस्कृतीला न शोभणारे’ हे सगळे गेले. त्या जागी आपण तारीख, वेळ, जागा आणि वाद्याचा प्रकार लिहायला लावलात. “हे वाचून साहेबांना तुमच्याविषयी वाईट वाटेल, पण कोणत्या नियमाखाली काय करायचे ते कळणार नाही,” असे आपण म्हणालात. परवान्याच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला अर्जात नेमके काय लागते, हे त्या टेबलावर बसलेल्यालाच ठाऊक असणार.

त्यानंतर आपण जी गोष्ट सांगितलीत, तिच्यामुळे आमचा सगळा विचारच बदलला. आम्ही सारे डेसिबलच्या मागे लागलो होतो. कोणी मोबाइलवर ॲप उतरवून घेतले होते, कोणी मीटर विकत घेण्यासाठी वर्गणी काढू म्हणत होते. आपण ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 ची झेरॉक्स पुढे ठेवलीत आणि पाचव्या नियमावर बोट ठेवलेत. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपक, ध्वनिवर्धक किंवा आवाज करणारे वाद्य वाजवताच येत नाही. अपवाद फक्त बंदिस्त जागेतल्या, आतल्या आत पोहोचणाऱ्या आवाजाचा आणि सार्वजनिक आणीबाणीचा. म्हणजे उघड्या लॉन्सवर दहानंतर काही वाजत असेल तर ते किती मोठ्याने वाजते हा प्रश्नच उरत नाही. तिथे मीटर लागत नाही, घड्याळ पुरते. सातव्या नियमातही तक्रारीचे दोन मार्ग वेगळे दिले आहेत: ठरवून दिलेल्या पातळीपेक्षा 10 डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाज असणे हा एक, आणि रात्रीच्या निर्बंधाचा भंग हा दुसरा. आमची तक्रार सरळसरळ दुसऱ्या प्रकारची होती आणि आम्ही ती पहिल्या प्रकारात सिद्ध करू पाहत होतो.

लॉन्सच्या व्यवस्थापकांशी झालेल्या बैठकीला आपण आलात, त्याबद्दल विशेष आभार. आपण तिथे फार कमी बोललात आणि एकदाही आवाज चढवला नाहीत. व्यवस्थापकांचा पहिला मुद्दा असा होता की मांडवाला चारी बाजूंनी पडदे लावलेले असतात, म्हणून जागा बंदिस्त आहे. नियमात प्रेक्षागृह, परिषदगृह, समाजमंदिर, मेजवानीचे सभागृह अशी उदाहरणे दिली आहेत आणि कापडाच्या कनातीला त्यांत बसवता येणार नाही, हे आपण मूळ मजकूर वाचून दाखवलेत. दुसरा मुद्दा ध्वनिक्षेपक रात्री बारापर्यंत वाजवू देणाऱ्या सवलतीचा होता. ती सवलत राज्य सरकार सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी देते, वर्षभरात मिळून 15 दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही आणि ते दिवस आधी जाहीर करावे लागतात. कोणाच्या घरचे लग्न त्यांत येत नाही, हे आपण सांगितलेत. मुलीच्या बापाला ते पटवणे अवघड जाते, अशी व्यवस्थापकांची अडचण होती, आणि ती खोटी नव्हती.

तिसरा मुद्दा ऐकताना आम्हाला घाम फुटला होता. लॉन्स ही खाजगी मालमत्ता आहे, सार्वजनिक जागेचे नियम तिला लागू नाहीत, असे ते म्हणाले. आपण शांतपणे विचारलेत, “खाजगी धरायची का? धरू या.” मग हिशेब मांडलात. निवासी भागाची ठरलेली पातळी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या पातळीच्या वर 10 डेसिबलपर्यंत किंवा 75 डेसिबलपर्यंत, यांपैकी जे कमी असेल तिथपर्यंत चालतो. खाजगी जागेच्या हद्दीवर मात्र मोकळीक फक्त 5 डेसिबलची आहे. म्हणजे जागा सार्वजनिक मानली तर दिवसा हद्दीवर 65 आणि खाजगी मानली तर 60. शिवाय जिथे लोकांना जाता येते, मग ते हक्काने असो वा नसो, अशी जागा नियमांच्या व्याख्येप्रमाणे सार्वजनिकच ठरते. व्यवस्थापकांनी तो मुद्दा तिथेच सोडून दिला, आणि आपण तो सोडू दिलात. त्यांना खिंडीत गाठायची संधी असूनही आपण चहा मागवलात.

दिवसाच्या आवाजासाठी मात्र मोजणी लागते, आणि त्या बाबतीतही आपण आमचा भाबडेपणा घालवलात. मोबाइलचे ॲप अंदाज देते, पण पुरावा म्हणून टिकत नाही; मीटर प्रमाणित केलेला हवा आणि मोजणी अधिकाऱ्याने करायला हवी. नियमांतली मर्यादा ही क्षणभराच्या उसळीची नसून ठरावीक वेळेतल्या सरासरीची असते, म्हणून एका फटाक्याचा आकडा दाखवून भागत नाही. आणि डेसिबलचे गणित साध्या बेरजेसारखे चालत नाही: 10 डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. आमच्या समितीतल्या एका निवृत्त गणित शिक्षकांना हे ऐकून फार आनंद झाला. तो आनंद त्यांनी पुढची अर्धी बैठक आम्हा सर्वांना वाटला.

याच संदर्भात आपण केलेली एक टीका इथे नोंदवून ठेवतो, कारण ती सहसा कोणी करत नाही. नियमांतली मोजणी माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेला धरून असलेल्या ‘ए’ मापनपद्धतीने होते आणि त्या पद्धतीत खालच्या पट्टीतल्या आवाजाला फार कमी वजन मिळते. डीजेचा बेस मुख्यतः तिथलाच असतो. त्यामुळे खिडक्यांची तावदाने थरथरतात, कपाटातली भांडी वाजतात, छातीत धडधड जाणवते आणि मीटरवरचा आकडा त्या मानाने सौम्य दिसतो. “मीटर खोटे बोलत नाही, पण त्याला विचारलेला प्रश्न अपुरा आहे,” हे आपले म्हणणे नियम करणाऱ्यांपर्यंत पोहोचले पाहिजे.

आमच्या वसाहतीतल्या एकट्या राहणाऱ्या काही आजी तक्रारीवर सही करायला धजत नव्हत्या. लॉन्सवाल्यांच्या ओळखी वरपर्यंत आहेत, उगाच वैर कशाला, असे त्यांना वाटे. त्यांच्याकडे आपण स्वतः गेलात. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2016 मध्ये दिलेला निकाल आणि जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर दिलेला निकाल, या दोन्हींचा आधार देऊन आपण त्यांना समजावलेत की तक्रारदाराचे नाव उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी, असे न्यायालयाचेच म्हणणे आहे. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हेही त्या निकालांत आले आहे. पण त्या वाक्याचा उपयोग एखाद्याच धर्माच्या लोकांविरुद्ध करू नका, असे आपण आमच्यातल्या दोन उत्साही सभासदांना बजावलेत, ते फार बरे झाले. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात सांगितलेले तत्त्व सर्वांना सारखेच लागू आहे: आवाज वाढवून इतरांना तो ऐकायला भाग पाडणे, हा कोणाचाही मूलभूत हक्क असू शकत नाही.

‘सर्वांना’ या शब्दात आपण आम्हालाही धरलेत, हे अनेकांना सुरुवातीला रुचले नव्हते. लॉन्सविरुद्ध अर्ज देण्याआधी सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी आणि माघातल्या सत्यनारायणासाठी ध्वनिक्षेपकाचा रीतसर परवाना काढा, दुरुस्तीची ड्रिलिंगची कामे रात्री चालू देऊ नका आणि रात्री गेटवर हॉर्न वाजवणाऱ्या सभासदांना पत्र पाठवा, असा आपला आग्रह होता. निवासी भागात रात्री हॉर्न, आवाजी फटाके आणि आवाज करणारी बांधकामयंत्रे यांना 2010 च्या दुरुस्तीने मनाई आहे, हे आमच्यापैकी बहुतेकांना प्रथमच कळले. सत्यनारायणाच्या स्पीकरसाठी पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलेल्या आमच्या खजिनदारांकडे तिथल्या अंमलदारांनी आश्चर्याने पाहिले म्हणतात. त्या परवान्याची प्रत अर्जाला जोडल्यावर आमच्या तक्रारीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी मात्र नक्कीच बदलली.

अर्ज कोणाकडे द्यायचा, हेही आपण नेमके सांगितलेत. नियमांत ‘प्राधिकारी’ म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाहून खालचा नसलेला अधिकारी. म्हणून मूळ अर्ज सहायक पोलीस आयुक्तांच्या नावे, प्रत पोलीस ठाण्याला आणि दुसरी प्रत महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला. आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलायचे नाही, ही आपली सूचना आम्ही अक्षरशः पाळली. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 38 खाली संगीत किंवा गोंगाट थांबवण्याचा आदेश पोलीस देऊ शकतात, याचा उल्लेखही आपण अर्जात घालायला लावलात. पर्यावरण संरक्षण कायद्यातली पूर्वीची तुरुंगवासाची तरतूद जाऊन एप्रिल 2024 पासून 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आहे, हे आपण सांगितले होते. पण तो मुद्दा अर्जात धमकीसारखा वाचला जाईल म्हणून आपणच काढून टाकलात.

परिणाम काय झाला, ते आपण पाहतच आहात. लॉन्सच्या व्यवस्थापनाने पोलिसांना लेखी हमीपत्र दिले. आरक्षणाच्या पावतीवर आता ध्वनियंत्रणा पावणेदहाला बंद होईल, असे छापले जाते, आणि मंचावरचे स्पीकर आमच्या भिंतीकडून वळवून रस्त्याच्या बाजूला केले आहेत. रस्त्यावरून येणाऱ्या वरातींचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ढोल-ताशा असो की बँड, ही वाद्येही रात्रीच्या निर्बंधात येतात. पण वरात हलती असते, तिचा मालक कोण हे दहा मिनिटांत ठरत नाही आणि तोवर ती पुढच्या चौकात गेलेली असते.

महापालिकेचे काम तर अजून सुरूच व्हायचे आहे. विकासाची आखणी करताना स्थानिक संस्थांनी ध्वनिप्रदूषणाचा विचार केला पाहिजे, असे हेच नियम सांगतात. घरांच्या रांगेला लागून उघड्या लॉन्सला परवानगी देताना तो विचार झाला असता, तर आपल्याला निवृत्तीनंतर पुन्हा अर्ज तपासत बसावे लागले नसते. विभागीय कार्यालयाने आमच्या अर्जाला दिलेले उत्तर ‘प्रकरण पोलीस विभागाशी संबंधित आहे’ एवढेच आहे. त्यावर आपण सुचवल्याप्रमाणे लॉन्सच्या बांधकाम परवान्याची आणि जागावापराची माहिती माहितीच्या अधिकारात मागितली आहे.

आपण दिलेली झेरॉक्सची फाइल परत पाठवत आहोत. तिच्या प्रती काढून घेतल्या आहेत. आपण पेन्सिलीने खोडलेला तो जुना अर्ज मात्र आम्ही ठेवून घेतला आहे. शेजारच्या दोन वसाहतींच्या समित्यांनी तो मागितला असून, त्यांच्या बैठकीला आपण यावे अशी त्यांची विनंती आहे. दिवस आणि वेळ आपण म्हणाल ती. बैठक दहाच्या आत संपेल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
सचिव
(सोसायटीच्या सर्व सभासदांच्या वतीने)